हृदयस्पंदक आणि उच्च रक्तदाब

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील कोणत्याही आरोग्य केंद्रात सकाळी गेल्यास बाकांवर बसलेल्यांपैकी अनेकजण एकाच कामासाठी आलेले दिसतात. दंडाला पट्टा बांधून घ्यावयाचा, आकडा ऐकावयाचा आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन घरी परतावयाचे. त्यांना ताप नसतो, वेदना नसतात, चेहऱ्यावर आजारपणाची खूणही नसते. उच्च रक्तदाबाचे वैशिष्ट्य हेच आहे आणि त्याचा धोकाही ह्यातच आहे. विकार दिसत नाही. म्हणून तो नाही, असा समज होतो. समज चुकीचा होता हे कळते ते बहुधा अर्धांगवायूचा झटका आल्यावर, हृदय थकल्यावर किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यावर.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाबाचा विकार आहे. त्याच पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. हे दोन विकार एकाच शरीरात एकत्र आले म्हणजे हानी झपाट्याने होते, ही गोष्ट लक्षात घेता गोव्यातील खेड्यापाड्यांना हा विषय दूरचा नाही.

ह्या विकारावर गोळ्यांखेरीज आणखी कोणते उपाय होऊ शकतात, ह्याचा शोध जगभर चालू आहे. हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी शरीरात बसविण्यात येणाऱ्या हृदयस्पंदकाच्या, म्हणजेच पेसमेकरच्या, साह्याने रक्तदाब उतरविण्याचा प्रयोग हा त्यांपैकी एक होय. प्रत्येक रुग्णाच्या शरीराचा कल पाहून यंत्राची मांडणी निराळी करावी लागते, हे ह्या उपचाराचे मर्म आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय हा मुठीएवढा स्नायूंचा पंप होय. दिवसभरात तो सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्त धमन्यांत ढकलले जाते आणि धमन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. आकुंचनाच्या वेळचा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातील दाब म्हणजे खालचा आकडा. हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत ते साधारणतः १२० आणि ८० च्या आसपास असतात. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब १४० व ९० किंवा त्याहून अधिक भरत राहिला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रोची ह्यांनी १८९६ साली शोधली. त्यावेळी धमनीतून ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ रशियातील कोरोत्कॉफ ह्यांनी १९०५ साली लावला. आजही आरोग्य केंद्रातील परिचारिका पट्टा व नळी वापरून दाब मोजते, ती ह्याच रीतीने.

दाब मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो. हृदय प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते, ही पहिली गोष्ट. आणि ते रक्त ज्या वाहिन्यांतून जाते त्या किती आकसलेल्या आहेत, ही दुसरी. कुळागरात पाटाचे पाणी देणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. पाणी जास्त सोडले तरी पाटाच्या कडांवर ताण येतो, आणि पाट पुढे अरुंद झाला तरी ताण येतोच. औषधे ह्या दोहोंपैकी एका किंवा दोन्ही गोष्टींवर परिणाम करतात. काही औषधे वाहिन्या सैल करतात, काही शरीरातील जादा मीठ व पाणी लघवीवाटे काढून टाकतात, तर काही हृदयाचा वेग व जोर आवरतात.

मीठ आणि किनारपट्टीचा आहार

शापोरा नदीच्या काठी आगरवाड्याची मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मीठ हे ह्या भूमीचे उत्पन्न आहे, आणि तिच्या आहारातही ते मुरलेले आहे. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर तोंडी लावावयास खारवलेली तोरे, लोणचे किंवा भाजलेला सुका बांगडा असतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा उन्हाळ्यात साठवलेल्या सुक्या सुंगटांवरच अनेक घरांचे जेवण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. भारतीयांच्या आहारातील मीठ सरासरीने ह्याहून बरेच अधिक असते. सुकी मासळी वा लोणचे वर्ज्य करावे असा ह्याचा अर्थ नव्हे. सुकी मासळी पाण्यात भिजवून व धुऊन घ्यावी, ती घातलेल्या कालवणात वेगळे मीठ टाकू नये आणि जेवताना ताटात वरून मीठ घेऊ नये, एवढे पाळले तरी फरक पडतो.

सर्पगंधेपासून शवासनापर्यंत

उच्च रक्तदाबावरील आधुनिक उपचारांच्या इतिहासात पश्चिम किनाऱ्याचा वाटा मोठा आहे. सह्याद्रीच्या जंगलात आढळणाऱ्या सर्पगंधा ह्या वनस्पतीच्या मुळाचा उपयोग वैद्य पूर्वापार करीत आले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ साली तो ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर सर्पगंधेकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९५२ साली तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. डॉ. वकील ह्यांना १९५७ साली अमेरिकेतील प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक मिळाले. रिसर्पीनमुळे काही रुग्णांचे मन खिन्न होते, असे पुढे दिसून आले. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला.

मुंबईच्याच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली शवासनावरील अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित शवासन करणाऱ्या रुग्णांपैकी कित्येकांचा दाब उतरला, कित्येकांच्या गोळ्यांचे प्रमाण कमी करता आले. काहींना मात्र उपयोग झाला नाही. एकच विकार, एकच उपाय, परंतु परिणाम माणसागणिक वेगळा, हा अनुभव वैद्यकाला वारंवार येत असतो. हृदयस्पंदकाच्या नव्या उपचाराचा पायाही ह्याच अनुभवावर उभा आहे.

हृदयाची वीज आणि स्पंदक

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना अलिंद व खालच्या दोहोंना निलय म्हणतात. उजव्या अलिंदात पेशींचा एक लहानसा पुंजका असून तेथे प्रत्येक ठोक्यासाठी विजेची सूक्ष्म लहर उत्पन्न होते. ही लहर प्रथम अलिंदांत पसरते व ते आकुंचन पावतात. मग ती मधल्या गाठीपाशी क्षणभर थबकते आणि नंतर निलयांत उतरते. हा थांबा सेकंदाच्या आठव्या ते पाचव्या भागाएवढाच असतो, पण तो निरर्थक नाही. तेवढ्या अवधीत अलिंद आपल्यातील उरलेले रक्त खाली ढकलतो आणि निलय पूर्ण भरतो.

काहीजणांत, विशेषतः उतारवयात, लहर उत्पन्न होण्यात किंवा खाली उतरण्यात अडथळा येतो. समजा, कोरगावातील सत्तर वर्षांच्या एका गृहस्थाच्या नाडीचे ठोके मिनिटाला पस्तीसवर आले. त्यांना चालताना घेरी येऊ लागली आणि एके दिवशी ते कुळागरात कोसळले. अशा रुग्णाला स्पंदकाची गरज असते. शरीरात बसविण्याजोगा पहिला स्पंदक ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे बसविण्यात आला. रूने एल्मक्विस्ट ह्यांनी तो तयार केला होता आणि आके सेनिंग ह्यांनी शस्त्रक्रिया केली होती. आर्ने लार्सन नावाच्या त्या रुग्णाला आयुष्यात पुढे अनेक स्पंदक बदलावे लागले, परंतु त्यानंतर तो चार दशकांहून अधिक काळ जगला. आजचा स्पंदक काडेपेटीहून लहान असतो. तो छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवितात आणि त्याच्या तारा शिरेतून हृदयाच्या कप्प्यांत पोहोचवितात. दोन तारांच्या स्पंदकात एक तार अलिंदात व दुसरी निलयात असते. त्यामुळे वरचा कप्पा आणि खालचा कप्पा ह्यांच्या आकुंचनात किती अंतर ठेवावयाचे, हे बाहेरून यंत्राच्या साह्याने ठरविता येते.

मानशीचे दार लवकर लावले तर

नवा उपचार ह्या अंतराशीच संबंधित आहे. खाजन शेतीच्या बांधाला बसविलेली मानस गोव्यातील शेतकऱ्यास परिचित आहे. आतले पाणी चढले व बाहेर ओहोटी असली म्हणजे तिची दारे उघडतात. बाहेरून भरतीचा रेटा आला की ती आपोआप मिटतात. अलिंद आणि निलय ह्यांच्या मधली झडप ह्याच तत्त्वावर चालते. अलिंदाचा रेटा अधिक असेतोवर ती उघडी राहते, आणि निलय आकुंचन पावू लागला की मिटते.

स्पंदकाने निलयाला नेहमीपेक्षा लवकर चेतविले, तर झडप लवकर मिटते. अलिंदाचे काम पुरे होण्यापूर्वीच दार लागल्याने निलयात थोडे कमी रक्त येते. कमी रक्त आले म्हणजे ठोक्यागणिक बाहेरही थोडे कमी रक्त जाते, आणि दाब त्याच क्षणी उतरतो.

परंतु शरीर स्वस्थ बसत नाही. मानेतील मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाबावर पहारा ठेवणाऱ्या चेता असतात. दाब घटला की त्या मेंदूस वर्दी देतात. मेंदू वाहिन्या आकसून व हृदयाचा वेग वाढवून दाब पुन्हा वर आणतो. केवळ अंतर कमी करून भागत नाही, ते ह्यामुळेच.

ह्यावर संशोधकांनी युक्ती काढली. सलग काही ठोके अल्प अंतराने द्यावयाचे आणि मध्येच एखाद-दुसरा ठोका नेहमीच्या लांब अंतराने द्यावयाचा. साधारणतः आठ ते तेरा ठोके २० ते ८० मिलिसेकंदांच्या अंतराने आणि त्यानंतर एक ते तीन ठोके १०० ते १८० मिलिसेकंदांच्या अंतराने, असा हा क्रम असतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. लांब अंतराच्या ठोक्याला निलय पूर्ण भरतो व दाब क्षणभर चढतो. पहाऱ्यावरील चेतांना हा चढ जाणवतो, त्यामुळे वाहिन्या आकसण्याचा शरीराचा प्रतिसाद आवरला जातो आणि सरासरी दाब उतरलेला राहतो.

प्रत्येकासाठी वेगळी मांडणी

अल्प अंतर नेमके किती ठेवावे आणि किती ठोक्यांमागे लांब ठोका द्यावा, हे सर्वांसाठी एकच ठरविता येत नाही. कोणाची मधली गाठ लहर लवकर सोडते, कोणाची उशिरा. कोणाचा निलय ताठर झालेला असल्याने अलिंदाच्या अखेरच्या रेट्यावर अधिक विसंबून असतो. कोणाच्या पहारेकरी चेता तत्पर, तर कोणाच्या वयोमानाने मंदावलेल्या असतात. म्हणून रुग्णाचा दाब सतत मोजत असतानाच वैद्य स्पंदकाची निरनिराळी मांडणी करून पाहतात, कोणत्या क्रमाने दाब पुरेसा उतरतो आणि रुग्णास घेरी वा थकवा येत नाही हे तपासतात, आणि तो क्रम यंत्रात नोंदवितात. पुढील तपासणीत गरज पडल्यास तो बदलता येतो. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

ह्या पद्धतीची एक महत्त्वाची चाचणी युरोपात झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. गोळ्या चालू असूनही ज्यांचा दाब चढा होता आणि ज्यांना स्पंदकाची अन्यथाही गरज होती, असे ४७ रुग्ण तीत होते. २६ जणांत नवी मांडणी चालू केली, तर २१ जणांत स्पंदक नेहमीप्रमाणे चालू ठेवला. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील चोवीस तासांचा सरासरी वरचा दाब सुमारे ११ मिलिमीटरने उतरला होता, दुसऱ्या गटातील सुमारे ३ ने. दोन गटांतील फरक ८ च्या आसपास होता. हा आकडा लहान वाटला तरी त्याचे मोल मोठे आहे. अनेक औषध-चाचण्यांचा एकत्रित विचार करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वरचा दाब केवळ ५ मिलिमीटरने उतरला, तरी हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर दुर्घटना सुमारे एक दशांशाने कमी होतात.

उपचाराच्या मर्यादा

४७ रुग्णांवरून साऱ्या जगाचा निवाडा करता येत नाही. ह्याच पद्धतीची सुमारे पाचशे रुग्णांवरील मोठी चाचणी त्यानंतर हाती घेण्यात आली. हा उपचार अद्याप संशोधनाच्या टप्प्यात असून कोणत्याही आरोग्य केंद्रात वा इस्पितळात नित्याचा उपचार म्हणून तो मागता येणार नाही.

शिवाय तो सर्वांसाठी नाहीच. केवळ रक्तदाबासाठी निरोगी ठोक्याच्या माणसाच्या छातीत यंत्र बसविण्याचा विचार ह्या चाचण्यांत नाही. ज्यांना स्पंदक लागणारच आहे आणि ज्यांचा दाबही चढा आहे, त्यांच्याच बाबतीत एकाच यंत्राकडून दोन कामे करून घ्यावयाची, असा हेतू आहे. ज्यांच्या अलिंदाचे आकुंचन कायमचे अनियमित झाले आहे, त्यांना तो लागू पडत नाही, कारण त्यांच्या अलिंदाला एकसंध रेटाच उरलेला नसतो. ज्यांचे हृदय आधीच दुबळे झाले आहे, त्यांनाही चाचणीतून वगळण्यात आले. निलयाला वर्षानुवर्षे तारेने चेतविल्यास काहीजणांत हृदयाचा जोर घटतो, हे ज्ञात असल्याने ह्या उपचारातही हृदयाच्या शक्तीवर लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

चाचणीतील रुग्णांनी गोळ्या सोडल्या नव्हत्या, हे तर विशेष ध्यानात ठेवावयास हवे. कोरगावच्या त्या कल्पित गृहस्थांच्या छातीत स्पंदक बसला, घेरी थांबली, अंगात उमेद आली, आणि ‘आता यंत्र आहे, मग गोळ्या कशाला?’ असे म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, तर तो निर्णय जिवावर बेतू शकतो. साधा स्पंदक ठोके सांभाळतो, दाब नव्हे. नव्या पद्धतीचा स्पंदकही गोळ्यांच्या जोडीने काम करतो, त्यांच्या जागी नव्हे.

स्पंदक असलेल्यांनी काय पाळावे?

स्पंदकाचे ओळखपत्र नेहमी जवळ बाळगावे. मोबाईल छातीवरच्या खिशात ठेवू नये, तो यंत्रापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर असावा. मोपा येथील किंवा अन्य विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या वेळी ओळखपत्र दाखवावे आणि धातुशोधकाजवळ रेंगाळू नये. वेल्डिंगच्या कामाजवळ जाण्यापूर्वी किंवा चुंबकीय तपासणी करून घेण्यापूर्वी वैद्यांना विचारावे. विद्युतघटाचे आयुष्य साधारणतः आठ ते बारा वर्षांचे असल्याने ठरलेली तपासणी चुकवू नये.

आणखी एक गोष्ट सांगणे कठीण, पण आवश्यक आहे. स्पंदक असलेल्या व्यक्तीचे निधन झाल्यास दहनापूर्वी वैद्यांकडून तो काढून घ्यावा लागतो. उष्णतेने त्यातील विद्युतघटाचा स्फोट होतो आणि चितेजवळच्या माणसांना इजा होऊ शकते. घरातील एका तरी जाणत्या माणसास ही गोष्ट आधीपासून ठाऊक असावी.

पट्ट्यापासून सुरुवात

गोव्यात आधुनिक वैद्यकशिक्षणाची परंपरा १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकशाळेपासूनची आहे. तिचेच रूपांतर असलेले गोवा वैद्यकीय महाविद्यालय आज बांबोळी येथे आहे. पेडणे, कासारवर्णे, डिचोली, मये व सांखळी येथील आरोग्य केंद्रांतून गंभीर रुग्ण म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीस पाठविता येतात. परंतु तेथवर जाण्याची वेळ येऊ नये, ह्यासाठीचे पहिले साधन गावातच आहे, आणि ते म्हणजे दंडाचा पट्टा.

दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी वा तंबाखू घेऊ नये. पाठ टेकलेली, पावले जमिनीला लागलेली आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. आकडा कागदावर लिहून घ्यावा व पुढच्या खेपेस सोबत आणावा. रुग्णागणिक उपचार ठरविण्याची गोष्ट अद्ययावत यंत्रापासून सुरू होत नाही, ती ह्या कागदापासून सुरू होते. कोणती गोळी लागू पडली, कोणत्या गोळीने पाय सुजले वा खोकला सुरू झाला, हे वैद्यांना सांगितले, तर तेही औषध त्या माणसास साजेसे करून देऊ शकतात.

शाळेतील शिक्षकांना ह्या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. नाडीचे ठोके मोजावयास शिकलेला विद्यार्थी घरी जाऊन आजोबांची नाडी मोजतो. ती मिनिटाला चाळीसच्या आत सापडली किंवा आजोबांना घेरी येते असे त्याच्या कानी आले, तर घरच्यांनी आरोग्य केंद्र गाठण्यास तेवढे निमित्त पुरते. पंचायतीच्या व शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनीही तिशी ओलांडल्यावर वर्षातून एकदा दाब मोजून घेतला, तर त्यांचे पाहून गावातील इतरांचा संकोच दूर होईल.

उद्या चाचण्या यशस्वी ठरल्या, तर स्पंदकाद्वारे रक्तदाब उतरविण्याचा उपचार काही मोजक्या रुग्णांच्या वाट्यास येईल, आणि त्यांना तो मोठाच दिलासा ठरेल. तोवर आणि त्यानंतरही बहुसंख्यांचे आयुष्य राखणाऱ्या गोष्टी त्याच राहतील: जेवणात बेताचे मीठ, रोजचे चालणे, तंबाखूपासून दूर राहणे, आणि बरे वाटत असतानाही न चुकता घेतलेली गोळी.